पलीकडचा ऑगस्ट

“सिन्योराचा मुलगा म्हणतोय, या वेळी कधीही जा. वर्षातला कुठलाही महिना घे, म्हणाला. तर इमाशी, या खेपेला तू ठरव. तात्ताला विचारू नकोस, नेंदाला विचारू नकोस. मी कधी येऊ ते तू सांगायचं. संध्याकाळी फोन करते.” अम्माचा निरोप एवढाच होता. त्याच्यामागे नळाचं पाणी वाहत होतं आणि सिन्योराचा तो ओळखीचा खोकला होता. मी शाळेच्या मैदानात मधोमध उभी होते, चांदीच्या मुठीची काठी काखेत, फोन कानाला, आणि मागे सगळा बँड. गळ्यात ढोल अडकवलेल्या मुली घामाघूम होऊन माझ्या काठीकडे बघत होत्या. काठी वर गेली की त्या वाजवणार, खाली आली की थांबणार. जानेवारीपासून जग असंच चाललंय आणि मला अजून त्याची सवय झालेली नाही. रोज सकाळी जाग आली की मला ते नव्यानं आठवतं आणि मी पांघरुणातल्या पांघरुणात हसते. त्याआधी मी शेवटच्या रांगेत झांजा घेऊन उभी असायचे, अशी की फोटोत झांजा यायच्या, मी यायचे नाही. मग एका सकाळी बाईंनी विचारलं, कोणाला हाक देऊन बघायचीय, आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्यानं मैदानाच्या टोकाला चरणारी गायसुद्धा वर बघायला लागली. तर मी, ती मी, आज काठी उचलली आणि पाय उचलायचाच विसरले. डावा की उजवा, आठवेना. तू ठरव. मला कोणी आजवर कशाबद्दल तू ठरव म्हटलं नव्हतं. भाजी कुठली हवी हेसुद्धा नाही. 

अम्मा व्हेरोनात सिन्योराला, म्हणजे तिच्या म्हाताऱ्या मालकिणीला, सांभाळते. मी पहिलीत असताना गेली. आमच्या गल्लीत हे काही मुद्दाम सांगायची गोष्ट नाही. दर दुसऱ्या घरातलं कोणीतरी इटलीत कोणाच्या तरी आईला भरवत असतं. ऑगस्टात सिन्योराला तिचा मुलगा डोंगरात घेऊन जातो, म्हणून अम्माला सुट्टी ऑगस्टात. दरवर्षी ऑगस्टच. आणि आमच्या निगोंबोचा, बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा ऑगस्ट म्हणजे काय सांगू. पाऊस जूनसारखा धो धो नसतो, पण जातही नाही, लग्न आटोपल्यावरही राहिलेल्या पाहुण्यासारखा रेंगाळतो. समुद्र तोंड फिरवून बसलेला. वाळूवर होड्या पालथ्या. कपडे वाळत नाहीत, मीठ सुटतं, चपलांना बुरशी येते. आणि तात्ता, म्हणजे माझा बाप, नसतो. ईस्टर झालं की तात्ता जातो, आमच्याकडचे बहुतेक पुरुष जातात. इकडचा समुद्र बंद व्हायला लागला की जाळी, इंजिनं, भांडीकुंडी, सगळं लॉरीवर चढवायचं, बेट ओलांडायचं आणि पूर्वेच्या किनाऱ्यावर, त्रिंकोच्या वरच्या वाळूत, झापांच्या झोपड्या बांधून राहायचं. त्या वस्तीला वाडिया म्हणतात. ऑक्टोबरात वारा फिरला, तिकडचा समुद्र खवळला, की सगळं पुन्हा लॉरीवर आणि घरी. नेंदा म्हणते, देवानं बेटाला दोन पावसाळे दिले, पुरुषांना दोन समुद्र दिले आणि बायकांना एक चूल. नेंदा म्हणजे तात्ताची मोठी बहीण, मर्लिन नेंदा. अम्मा गेल्यापासून मला तिनंच वाढवलंय, आणि ती बोलते तेव्हा गल्लीतली कुत्रीसुद्धा कान पाडून ऐकतात. तर असा ऑगस्ट. गेल्या वर्षी अम्मा आलीच नाही. सिन्योराची तब्येत, म्हणाली. सिन्योराची तब्येत मला कळायला लागल्यापासून तशीच आहे.

“फेब्रुवारी सांग,” निपुणी म्हणाली. निपुणी मोठा ढोल वाजवते आणि ढोलासारखीच बोलते. आम्ही चिंचेच्या सावलीत पाणी पीत होतो. “वेडी आहेस का? यात विचार काय करायचा? पुढच्या फेब्रुवारीत आपले सामने. तू पुढं, काठी, पांढरे बूट. तुझ्या अम्मानं एकदा तरी बघायला नको? या वर्षी तिनं काय बघितलं? फोनवर. तोसुद्धा आडवा धरलेला. तिला वाटलं असेल, पोरगी भिंतीवर चालतेय.”

“फेब्रुवारी,” मी तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. गोड लागलं.

“आणि ऊन असतं. समुद्र शांत असतो. परदेशी लोकसुद्धा तेव्हाच येतात, काय मूर्ख आहेत का ते? माझी मावशी हॉटेलात आहे ना, ती फोनवर सगळ्यांना हेच सांगते, डिसेंबर ते मार्च, नंतर येऊ नका, नंतर आमचं बेट बंद.”

बेट बंद. दुकानासारखं. मी हसले, पण घरी येताना कालव्याच्या कडेकडेनं चालताना ते शब्द माझ्या दप्तरात शिरून बसल्यासारखे जड लागायला लागले. मी फेब्रुवारी डोळ्यांसमोर आणत होते. मैदानाच्या कडेला मंडप, मंडपात अम्मा, इटलीहून आणलेला गॉगल लावून, आणि शेजारी तात्ता. तात्ता काही केल्या येईना. मी त्याला खुर्चीत बसवत होते आणि तो झोपत होता. कारण फेब्रुवारीत आमचा समुद्र पाटासारखा असतो, म्हणजे तात्ता रोज संध्याकाळी जाळं घेऊन निघतो, उजाडताना येतो, बाजारात मासळी टाकतो आणि दुपारभर झोपतो, पंख्याखाली, पालथा, तळपायांना वाळू लागलेली तशीच. आम्ही घरात मांजरासारखे चालतो. नेंदा रेडिओ बंद करते. संध्याकाळी तो उठतो, चहा घेतो, दाराशी उभा राहून आकाश बघतो आणि जातो. हंगामात तात्ता घरी असतो असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचे. आज पहिल्यांदा वाटलं, घरी असतं ते त्याचं अंथरूण. अम्मा तेव्हा आली तर एका झोपलेल्या माणसाला वारा घालत बसेल, आणि तेच तर ती व्हेरोनात करते.

घरी आले तर ओसरीवर जाळी पसरलेली. ईस्टर जवळ आलं की आमच्या गल्लीत पाऊल ठेवायला जागा नसते, सगळीकडे निळी, हिरवी जाळी आणि त्यांच्या मधोमध कोळ्यासारखे बसलेले बाप. तात्ता जाळ्याची सुई घेऊन मान खाली घालून बसला होता. नेंदा आतून म्हणाली, “आल्या का बँडवाल्या राणीसाहेब? आईचा निरोप आलाय म्हणे.” गल्लीत निरोप माझ्याआधी घरी पोचतात. निपुणीची मावशी आमच्या शेजारी राहते, एवढं पुरे.

“आलाय,” मी म्हटलं. “मी ठरवायचंय.”

“ठरव की. डिसेंबर.” नेंदानं माझ्यासमोर भात ठेवला, वर डाळ, बाजूला नारळाची लाल चटणी. “माणसानं नाताळात यावं. मध्यरात्रीच्या प्रार्थनेला सगळी वस्ती चर्चमध्ये असते. पांढरी साडी नेसून पहिल्या बाकावर बसली म्हणजे ज्यांना बघायचंय ते बघतील.”

“कोणाला बघायचंय?”

“ज्यांना वाटतं ती येणारच नाही आता, त्यांना.” आणि मग तिलाच जास्त बोलल्यासारखं झालं असावं, कारण तिनं न मागता माझ्या पानात आणखी एक माशाचा तुकडा टाकला.

“तात्ता, तुला काय वाटतं?”

तात्तानं दातांनी दोरा तोडला. “तिला जमेल तेव्हा येऊ दे.”

“तिला कधीही जमतं. म्हणून तर विचारतेय.”

“मग समुद्र बघून ठरव,” तो म्हणाला आणि पुन्हा खाली बघायला लागला. तात्ताचं हे असं असतं. फोनवरसुद्धा तो अम्माला विचारतो, थंडी आहे का. ती म्हणते, आहे, तिकडं? तो म्हणतो, ऊन, किंवा पाऊस, जे असेल ते, आणि फोन माझ्या हातात देतो, शर्यतीत काठी देतात तसा, सुटल्यासारखा. लहान होते तेव्हा मला वाटायचं, नवराबायको एकमेकांशी हवामानच बोलत असतात. मग निपुणीच्या घरी राहायला गेले आणि तिचे आईबाप डासांच्या अगरबत्तीवरून तासभर भांडले, हसले, पुन्हा भांडले, आणि मी अंधारात पडून ऐकत राहिले. कोणी सुंदर वाद्य वाजवत असावं तसं ते वाटत होतं. मला इतका हेवा वाटला होता की सकाळी मी निपुणीशी बोललेच नाही.

जेवता जेवता मला तो ऑगस्ट आठवला, अम्मा शेवटची आली होती तो. मी अजून फ्रॉकमध्ये होते. अम्मा बॅग उघडायची आणि खोलीत व्हेरोना पसरायचं, कॉफी, फरशी पुसायचं औषध आणि एक थंड वास, ज्याला नाव नाही. तात्ता तिच्यासाठी पूर्वेहून आला होता, बसनं बेट ओलांडून, हंगाम मधेच सोडून. दारात उभा राहिला तो उन्हानं काळा ठिक्कर झालेला, आणि मागे पाऊस, म्हणजे कुठल्या तरी दुसऱ्याच चित्रातून कापून आमच्या चित्रात चिकटवल्यासारखा दिसत होता. दोघं एकमेकांकडे बघून हसले, लाजले आणि मग त्यांना काय करावं सुचेना. त्या सुट्टीत मी दोघांच्या मधे बसून बसून थकले. ओसरीच्या एका टोकाला तात्ता, डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखा, नजर पालथ्या होड्यांवर, मन त्रिंकोच्या वाळूत. दुसऱ्या टोकाला अम्मा, न वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत. दिवसभर पाहुणे. चॉकलेटं वाटायची, साबण वाटायचे, कोण किती जाड झालं ते ऐकायचं. आणि जायच्या आदल्या दिवशी अम्मा स्वयंपाकघरात नेंदाला म्हणाली, मी पडद्यामागे होते, “खरं सांगू अक्का, पुढच्या वर्षी येऊन तरी काय करू? तिकडं म्हातारी का होईना, मी खोलीत आले की कोणीतरी मान वर करून बघतं.” नेंदा तांदूळ निवडत राहिली.  मी पडद्याची कड मुठीत धरून उभी राहिले होते, आणि तेव्हापासून मला माहीत आहे की येणं ही आपोआप होणारी गोष्ट नाही. ती थांबूही शकते. त्यासाठी कोणाला भांडावं लागत नाही, रडावं लागत नाही. सिन्योराची तब्येत, एवढं म्हटलं की झालं. आता तिनं मला विचारलंय, कधी येऊ, आणि मला वाटतं तिला खरं विचारायचंय ते, येऊ का.

हात धुऊन मी ओसरीच्या पायरीवर बसले. तात्ताचे हात बघत. आणि त्याच ऑगस्टातली पुढची गोष्ट, जी मी कधी या गोष्टीला जोडलीच नव्हती, वर आली, पाण्यातून चेंडू येतो तशी, एकदम. अम्मा गेली, आणि नेंदाच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून परत जाताना तात्ता मला बरोबर घेऊन गेला. नेंदा कुरकुरली होती, वाडियात काय बायकांचं काम, पण पोर लहान आहे म्हणून गप्प बसली. बस सुटली तेव्हा काचांवर पाऊस होता आणि तात्ता गप्प होता. कुरुणेगलापर्यंत गप्प. मग पाऊस विरळ झाला, रस्ता अर्धा ओला अर्धा कोरडा व्हायला लागला, आणि तात्तानं खिडकी उघडली. दांबुल्याच्या पुढं त्यानं मला उकडलेलं कणीस घेऊन दिलं आणि म्हणाला, दाणे असे ओढायचे, तुझी अम्मा असे ओढते. हबरणाच्या जंगलात त्यानं मला हत्तीची लीद दाखवली आणि एक विनोद सांगितला, इतका घाण की मी तो इथं लिहू शकत नाही. मी बघतच राहिले. जसजसं आकाश उघडत होतं तसतसा माझा बाप उघडत होता. आणि तिथं पोचलो तर समुद्र! मला समुद्र माहीत होता असं मला वाटायचं. हा समुद्र निजलेला होता, काचेसारखा, लाटा अशा की झोपेत कोणी ओठ हलवावेत. सकाळी रापण ओढायला सगळे वाळूवर दोन रांगांत उभे राहिले, दोर कमरेला, आणि हाक कोण देत होतं? तात्ता. माझा तात्ता, जो घरात मीठ हवं तर खूण करतो. तो हाक द्यायचा, सगळे उत्तर द्यायचे आणि ते प्रचंड जाळं बोट बोट करत किनाऱ्याकडे यायचं. काय आवाज होता तो! उघडा, उन्हात तापलेला, समुद्राच्या पार जाणारा. दुपारपर्यंत काम संपायचं. मग तो वाळूत बसून मला शिंपले ओळखायला शिकवायचा, शेजारच्या झोपडीतल्या तमिळ म्हाताऱ्याशी त्याच्या भाषेत मस्करी करायचा, संध्याकाळी मासा भाजायचा आणि नक्षत्रं निघेपर्यंत बोलत राहायचा. मला वाटलं होतं, समुद्राची हवा असेल. पुरुष असे वागत असतील तिकडं. मी परत आले, शाळा सुरू झाली, मी विसरले.

पायरीवर बसल्या बसल्या मला पहिली गोष्ट सुचली ती अशी मूर्खासारखी की, मैदानावर जो आवाज माझ्या तोंडून निघाला, गाय दचकली तो, तो कोणाचा होता ते मला कळलं. मग बाकीचं सगळं एकामागून एक येत गेलं. सातवीत आम्ही बेटाचा नकाशा काढला होता. डावीकडून एक बाण, उजवीकडून एक बाण. मे ते सप्टेंबर डावा बाण, आमच्या बाजूला पाऊस. डिसेंबर ते फेब्रुवारी उजवा बाण, त्यांच्या बाजूला पाऊस. मला पूर्ण गुण होते. गल्लीतल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, ऑगस्टात समुद्र कुठं शांत, तो सांगेल. आमची घरं या माहितीवर चालतात. आणि तरीही या गल्लीतली प्रत्येक बाई इटलीहून ऑगस्टात येते ती याच किनाऱ्यावर, याच बंद समुद्रापाशी, आणि नवरे तिकडून ऊन सोडून पावसात येतात आणि ओसरीच्या टोकाला बसतात, आणि मग आम्ही म्हणतो, ऑगस्ट वाईट. घर इथं आहे ना, असं म्हणतो. मुक्काम हलवायची विद्या आमच्याकडं आजे-पणज्यांपासून आहे, जाळी हलवतो, इंजिनं हलवतो, भातासाठीची पातेलीसुद्धा हलवतो, फक्त माणसाची वाट बघायची जागा हलवत नाही. मला ओरडावंसं वाटलं. मला गल्लीच्या मधोमध उभं राहून सगळ्या ओसऱ्यांना ओरडून सांगावंसं वाटलं. पण त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, फेब्रुवारी माझ्या जिभेवर होता, पेपरमिंटसारखा. पांढरे बूट. मंडपातली अम्मा. ती मान वर करून बघतेय, आणि मी बघण्यासारखी आहे. मी आता बघण्यासारखी आहे, हे तिला ठाऊकच नाही.

फोन आला तेव्हा दिवे नुकते लागले होते. नेंदानं सांगितलं म्हणून मी तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. नेंदा खुर्चीत, तात्ता दाराच्या चौकटीला टेकून, हातात अजून सुई.

“मग?” अम्मा म्हणाली. “ठरलं का मॅडमचं?”

मी श्वास घेतला. “ऑगस्ट.”

तिकडं नळ बंद केल्याचं ऐकू आलं. 

“परत ऑगस्टच?” अम्माचा आवाज बारीक झाला होता. “अगं, पहिल्यांदा बाराच्या बारा महिने मोकळे मिळाले. मला वाटलं... बरं. ठीक आहे. तुझ्या शाळेला सुट्टी असते ना, म्हणून का?”

“ऑगस्ट, पण निगोंबोला यायचं नाही.”

“म्हणजे काय, हॉटेलात उतरायचं तिनं?” नेंदा म्हणाली.

“विमानतळावरून सरळ त्रिंकोची बस. मी घ्यायला येईन. आपण दोघी तिकडं जाऊ, तात्ताकडे. सगळी सुट्टी तिकडंच.”

“ऐकलंस?” नेंदानं फोनला विचारलं. “विमानतळ आपल्या परसात, विमान उतरतं तेव्हा आपले कोंबडे आरवतात, आणि ही तुला घरावरून नेऊन बेटाच्या दुसऱ्या टोकाला टाकणार! लोक काय म्हणतील? नवऱ्यानं घरात घेतली नाही?”

“लोकांना म्हणावं, नवरा जिथं होता तिथं गेली.”

“जीभ बघ हिची! काठी काय हातात दिली शाळेनं!”

“वाडियात बायका जात नाहीत,” तात्ता दारातून म्हणाला. हळू, जमिनीकडे बघत.

“का?”

“नाही जात.”

“पण का? आणि कधीपासून?”

तात्तानं नेंदाकडे बघितलं. नेंदा पदराची कड बोटाला गुंडाळत होती, आणि मला वाटलं आता मला थप्पड बसणार. पण ती बोलली ती माझ्याशी नाही, कोणाशीच नाही. “युद्धापासून,” ती म्हणाली. “त्याआधी जायच्या. सगळ्या जायच्या. पोरं, कोंबड्या, देवाचे फोटो, सगळं घेऊन जायच्या. माझा जन्म तिथला आहे.”

“तुझा?” हे फोनमधून अम्मानं विचारलं. इतकी वर्षं या घरातली सून, तिलाही माहीत नव्हतं.

“झापांच्या खाली. माझी अम्मा मला टोपलीत ठेवून मासे वाळत घालायची. मग बंदुका आल्या आणि बायका घरी राहिल्या. बंदुका गेल्या तरी घरीच राहिल्या. कोणी सांगितलंच नाही की आता चला.” तिनं नाक ओढलं. “मला काही आठवत नाही तिथलं. पण या बाजूची वाळू मला कधी आवडली नाही, एवढं खरं. गिचगिचीत.” आणि मग उठत, एकदम नेहमीच्या आवाजात, “त्या चुलीवर काही शिजायचं नाही, पुरुषांनी बांधलेली चूल. मी लॉरीबरोबर माझी चूल पाठवते. तिखटपण पाठवते. मी यायची नाही, मला गुडघे आहेत.”

मी इतकी ताठ बसले होते की पाठ दुखत होती. फोनमधून अम्मा म्हणाली, “इमाशी, पण त्याला विचारलंस का? क्लेमंटला?”

आम्ही सगळ्या तात्ताकडे बघायला लागलो, फोनसुद्धा बघत असावा. तो आला, हात लुंगीला पुसले, फोन उचलला, कानाला लावला. “थंडी आहे का?” तो म्हणाला. 

“आहे, तिकडं?” अम्मा म्हणाली.

“इकडं ऊन,” तो म्हणाला. आणि मी सवयीनं हात पुढं केला, फोन घ्यायला. त्यानं तो दिला नाही. तो उभा राहिला, भिंतीवरच्या येशूकडे पाठ करून, सुई अजून बोटांत. “दिलू,” तो म्हणाला. अम्माचं नाव दिलरुक्षी आहे. हे दिलू कुठून आलं, कुठं ठेवलं होतं इतकी वर्षं, मला माहीत नाही. “तिकडं ऑगस्टात पाणी असं असतं ना... तुला सांगतो. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं तर पायाची नखं दिसतात.” मग तो थांबला नाही. सकाळी कुठून ऊन येतं ते त्यानं सांगितलं. रापणीत काय काय लागतं ते सांगितलं. हाक तोच देतो हे सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा छाती थोडी पुढं आली. फोन टुक टुक करायला लागला, जीव संपत आला होता, म्हणून मी धावत चार्जर आणला. पण चार्जरची वायर आखूड आणि तात्ता टेबलापासून हलेना, त्याला काही दिसतच नव्हतं. तेव्हा मी खुर्ची ओढून त्याच्या बाजूला उभी केली, तिच्यावर वायर लांबवायची प्लगची पेटी धरली आणि वायर त्याच्या कानापर्यंत पोचवली, आणि तशीच उभी राहिले, दोघांच्या मधे, विजेच्या खांबासारखी. ऐकायचं नव्हतं. कुठं जाणार? अम्मा म्हणत होती, झोपडीला दार तरी आहे का. दार करतो, तात्ता म्हणाला. नवीन झोपडीच बांधतो, जरा लांब, केवड्याच्या बाजूला. केवड्याच्या बाजूला म्हणताना त्याचे कान लाल झाले आणि मी छताकडे बघितलं. आणि गोडं पाणी, अम्मा विचारत होती, केस कशानं धुवायचे? विहीर आहे, तो म्हणाला, मी काढून देईन.

“इथं कधी काढलं नाही,” नेंदा आतून म्हणाली.

अम्मा हसली. फोनमधून, पार व्हेरोनातून, खदखदून. मागे सिन्योरानं काहीतरी विचारलं आणि अम्मा तिला तिच्या भाषेत एकच शब्द म्हणाली, मारीतो, नवरा, आणि तो शब्द तिनं असा उच्चारला की मला वाटलं सिन्योरानंही मान वर करून बघितलं असेल. माझा हात भरून आला होता, खांद्यापासून मुंग्या यायला लागल्या होत्या. फेब्रुवारी गेला होता, मला कळत होतं, आणि तरी मला इतकं मोठं झाल्यासारखं वाटत होतं की डोकं छताला लागेल. हे मी केलं होतं. फोनवर हिरवा दिवा लागला, बॅटरी केव्हाच भरली होती. मी वायर काढली नाही.